मिठाच्या बाईची धाकटी बहीण

२ मार्च, कीलुंग, तैवान

…आणि म्हणूनच युनताईंचं म्हणणं मला पटत नाही. कालपासून डोक्यात तेच चाललंय. त्या म्हणतात, दुसऱ्या भागात आ-लानने कुणालाच मारू नये. कुणालाच! अहो, मग लोक तिकीट कशाला काढतील? 'मिठाची बाई' म्हणजे काय? चार हरामखोर, चार पिंपं, आणि मासळी खारवतात तसं एकेकाला मिठात दाबणारी आ-लान. थिएटरात पोरी मिठाच्या पुड्या घेऊन यायच्या आणि चौथं पिंप बंद झालं की पडद्यावर उधळायच्या. मीही उधळलंय. एकोणीस वेळा बघितलाय मी तो सिनेमा. पहिल्यांदा बघितला तेव्हा सतरा वर्षांची होते. शाळा बुडवून एकटीच गेले होते आणि त्या दिवशी घरी येऊन सलग आठ तास झोपले, कितीतरी महिन्यांनी. असला भारी सिनेमा आहे तो!

आणि आता सात वर्षांनी त्याचा दुसरा भाग निघतोय आणि मी सेटवर आहे! माझं काम कंटिन्युइटीचं. एकाच सीनचे तुकडे वेगवेगळ्या दिवशी शूट होतात. काल आ-लानच्या उजव्या हातात सुरी होती तर आजही उजव्याच हातात पाहिजे. मी फोटो काढते, वहीत लिहिते आणि चूक दिसली की ओरडते. ओरडायला मला आवडतं.

युनताई म्हणजे आ-लान. तेव्हाही त्याच होत्या, आताही त्याच. आज डबा खाताना माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी इतकी खूश, की चॉप तोंडात आणि बोलता येईना.

"शुआन, आ-लान घरी गेल्यावर काय करते गं?"

"कुठल्या सीनमध्ये?"

"कुठल्याच नाही. चार माणसं मारली, घरी गेली. मग? भात लावते? झोप लागते तिला?"

"ताई, ते कोण बघणार?"

"मी बघेन," त्या म्हणाल्या आणि माझ्या डब्यातलं लोणचं उचलून खाल्लं.

गोड आहेत, पण चुकतायत.

५ मार्च

आज मी मेले! म्हणजे फोटोपुरती.

दुसऱ्या भागाची गोष्ट अशी: आ-लानची धाकटी बहीण मेलेली आहे. पाच जणांनी मिळून तिचे हाल केले आणि त्यात ती गेली. सिनेमा सुरू होतो तेव्हा ती फक्त देव्हाऱ्यावरच्या फोटोत आहे. मग आ-लान पुन्हा मीठ काढते. तर फोटो हवा. जिचा मिळणार होता तिच्या घरच्यांनी आयत्या वेळी नाही म्हटलं. जिवंत मुलीचा फोटो मेलेलीचा म्हणून मांडायचा, कोण देणार?

आमचे दिग्दर्शक वेई सर सेटवर सगळ्यांकडे बघत होते. पोरी एकमेकींच्या मागे सरकत होत्या. मी हात वर केला.

"शाब्बास!" सर म्हणाले. "याला म्हणतात वेड."

शुइमू काका मात्र शिडीवरून खाली उतरले. चाळीस वर्षं दिवे लावतायत, सगळे त्यांना वचकून असतात. "पोरी, हसण्यावारी नेऊ नकोस. नियम पाळायचे." नियम असे: अपशकुन टळावा म्हणून मला पैशांचं लाल पाकीट आणि गोड गोळ्या. फोटोच्या मागे लाल कागद चिकटवायचा. शॉट संपला की फोटोवर कापड. शेवटच्या दिवशी फोटो माझ्या हाताने फाडायचा. आणि फोटो माझा, म्हणून तो कशासाठी वापरायचा ते मला सांगूनच.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही," काका म्हणाले.

मी शाळेच्या ओळखपत्रावरचा दिला. आईला फोन करून मागवला. आई म्हणाली, "त्या वर्षीचे तर तू सगळे फाडले होतेस." म्हटलं, एखादा राहिला असेल बघ. होता. आईने काही न विचारता पाठवला. लांब केस, बॅडमिंटनचं जाकीट. त्यात मी छान दिसते, दुसरं काही कारण नाही.

युनताई फोटोकडे बराच वेळ बघत होत्या. "खेळायचीस?"

"जिल्ह्यात दुसरी होते! मग गुडघा गेला."

"कुठला?"

"डावा."

माझ्यासाठी पाच जण मरणार. मीठवाल्या मैत्रिणींना सांगितलं तर जळून खाक होतील.

९ मार्च

देव्हाऱ्याचे सगळे शॉट आज संपले. चौदा. प्रत्येक वेळी मीच मोजपट्टी लावून माझा फोटो जागेवर ठेवत होते. गंमत वाटायला हवी होती. अगरबत्तीच्या धुराने डोळे चुरचुरत होते बहुतेक.

शपथेचा शॉट होता. आ-लानने फोटोसमोर उभं राहून म्हणायचं, "एकालाही सोडणार नाही." युनताई उभ्या राहिल्या, फोटोकडे बघितलं आणि म्हणाल्या, "जेवलीस का गं?"

"कट! ताई, शपथ!"

दुसरा टेक. पुन्हा तेच. "जेवलीस का? थंडी वाजते का तिथे?"

चौथ्या टेकला त्यांनी शपथ घेतली, पण एवढ्या हळू की वेई सरांनी डोकं धरलं. मी वहीत लिहिलं: टेक चार, ठीक. पहिला टेक जास्त चांगला होता. हे कुणाला सांगितलं नाही.

मग मला सुचलं की बहिणीचं नाव वहीत कुठेच नाही. स्क्रिप्टमध्ये नुसतं 'बहीण'. त्या पाच जणांना नावं आहेत, टोपणनावं आहेत. एकाच्या कुत्र्यालासुद्धा नाव आहे, फूबाव.

"सर, बहिणीचं नाव काय?"

"नाव कशाला हवंय? मेलीये ती."

सगळे हसले. मीसुद्धा. खोलीवर येऊन अंघोळ करताना लक्षात आलं, की मी का हसले?

१४ मार्च

पहिलं पिंप! तिसऱ्या टेकला ओके. मी मिठाच्या ढिगामागे उभी राहून टाळ्या वाजवल्या. माझ्या घड्याळात: पकडल्यापासून झाकण बसेपर्यंत सहा मिनिटं चाळीस सेकंद.

युनताई नळाजवळ हात धूत होत्या. रंग केव्हाच निघाला होता.

"ताई, काय जबरदस्त होतं ते!"

"शुआन, पहिला भाग आल्यावर मला बायका रस्त्यात गाठायला लागल्या. बाजारात, दवाखान्यात. आपल्यावर काय झालं ते सांगायच्या. सगळं. मग म्हणायच्या, तुम्ही त्यांना मारलंत, बरं वाटलं. मी कुणाला मारलं गं? मी घरी जाऊन तोंड धुते. एकीने विचारलं, एका माणसाला मीठ किती लागतं?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"चहा पाजला. चार तास बसलो. तिला ना, मारायचं नव्हतंच. तिला कुणीतरी 'काय झालं?' असं विचारायला हवं होतं." नळ बंद केला त्यांनी. "थंडीत गुडघा दुखतो का तुझा? उजवा?"

"हो ना, उजवाच."

"परवा डावा म्हणालीस."

"दोन्ही," मी म्हटलं आणि वही घेऊन पळाले. माझ्या वहीत असली चूक कधी होत नाही.

२० मार्च

सिनेमा विकणाऱ्यांनी आतापर्यंतची वीस मिनिटं बघितली. त्यांना राग येत नाहीये म्हणे. बहिणीसाठी राग येत नाहीये! वेई सरांनी मला बोलावून चहा दिला, तेव्हाच कळलं काहीतरी आहे.

"जुनी घटना दाखवावी लागेल. बहिणीची. चार-पाच मिनिटं."

"दाखवावी म्हणजे?"

"लोकांना राग यायला हवा, शुआन. राग यायचा तर बघायला हवं. आणि चेहरा जुळायला हवा. चौदा शॉटमध्ये तुझा फोटो आहे. तूच रोज ओरडतेस ना, कालचं आजशी जुळलं पाहिजे म्हणून? मग?"

माझंच वाक्य. माझ्याच तोंडावर.

वर म्हणतात, "तू तर फॅन आहेस."

फॅन आहे म्हणून काय झालं? मी बाहेर येऊन बंदरावर दीड तास चालले. गुडघा अजिबात दुखला नाही.

२१ मार्च

नाही म्हटलं. गुडघ्याचं कारण सांगितलं. सर हसले, "पडूनच तर राहायचंय."

तेवढ्यात त्यांनाच कल्पना सुचली आणि स्वतःवरच खूश झाले: पोतं! तिच्या डोक्यावर मिठाचं पोतं घालायचं. चेहऱ्याचा प्रश्नच मिटला. कुणीही मुलगी चालेल.

तोंड झाकलं की कुणीही चालतं. मला माहितीये.

आज दिवसभर आतून जळतेय. आधी तिला नाव नव्हतं. मग चेहरा होता, तोही माझ्याकडून उसना. आता तोही नको! आणि पोत्याआड जी असेल तिचे हाल बघून लोक पुड्या फोडायला तयार होणार. हे मला आधी कसं दिसलं नाही? पहिल्या भागात आ-लानने चौघांना संपवलं. गोष्ट संपली. मग दुसरा भाग कुठून काढायचा? नवीन जखम पाहिजे. तिची शिळी झाली, म्हणून बहीण आणली. तिसऱ्या भागाला मुलगी आणतील. सूड आम्हाला हवा म्हणून दर वेळी कुणीतरी आधी चिरडलं गेलं पाहिजे. आणि मी एकोणीस वेळा तिकीट काढलं! पहिल्या भागात ते चौघे आ-लानचे हाल करतात ती बारा मिनिटं मी कायम डोळे मिटून बसायचे, म्हणजे मला वाटायचं मी बघितलीच नाहीत. तिकीट तर त्यांचंही काढलं होतं.

पोत्यासाठी मुलगी मिळाली. छाइनिंग, एकोणीस वर्षांची, आतापर्यंत गर्दीतल्याच भूमिका केल्यात. हसरी आहे. उद्यापासून तालीम.

२४ मार्च

सगळं लिहून काढते, नाहीतर फुटेन.

ज्या कारखान्यात शूट चालतं त्याच्या खिडक्यांना काळे पडदे. मधे मिठाचा ढीग. छाइनिंग खुर्चीत झगा गुंडाळून बसलेली, मांडीवर पोतं. मी तिचे फोटो काढले, फ्रॉकचा डावा पट्टा फाटलेला असं लिहिलं. "डावाच ना?" "डावाच." एवढंच बोलणं झालं.

रोजच्यासारखे सगळे अगरबत्त्या घेऊन राखणदार देवापुढे उभे राहिले. सरांनी नेहमीचं म्हटलं, काम निर्विघ्न होऊ दे. आणि माझे पाय आपोआप पुढे गेले. फोटोवरचं कापड काढलं. आवाज माझाच होता पण कुठून आला माहीत नाही.

"हा फोटो माझा. मेलेल्या मुलीसाठी दिला होता. तिला पुन्हा त्याच सगळ्यातून न्यायला दिला नव्हता. तिची परवानगी नाही."

शुइमू काकांनी हातमोजे काढले आणि खोक्यावर ठेवले.

"दिवे लागणार नाहीत."

"काका!" वेई सर ओरडले. "ती जिवंत आहे! ही काय समोर उभी आहे!"

"ती जिवंत आहे ते दिसतंय मला. फोटो मेलेलीचा आहे."

"अहो, मेलेली कुणी नाहीच! गोष्ट आहे ती!"

"गोष्टीतली असो की खरी. तिने नाही म्हटलं. चाळीस वर्षांत मी असल्या जागी दिवा लावला नाही."

त्यांच्या हाताखालचे चौघे पोरगे तारा गुंडाळायला लागले. एका रंगभूषावालीने गळ्यातला ताईत बाहेर काढला. आणि मला इतका संताप आला! मी परवा सरांच्या खोलीत जिवंतपणी नाही म्हटलं होतं, तर गुडघ्यावर विनोद झाला. आज मेलेली म्हणून नाही म्हटलं तर तीस माणसं घाबरून गप्प! मुलीचं ऐकायचं तर तिने आधी भूत व्हायला पाहिजे का?

सरांचं डोकं मात्र चालतं. "ठीक आहे. देवाला विचारू. कौल लावू. तीन होकार आले तर शूट करायचं. काका, मान्य?"

काकांना मान्य. लाकडाचे दोन लाल ठोकळे आणले, चंद्रकोरीसारखे. एक सपाट बाजूने वर आणि एक पालथा पडला की होकार.

"शुआन, तूच टाक. फोटो तुझा."

"मी इथे उभी आहे. मलाच विचारा ना!"

"विचारतोय की. टाक."

टाकले. एक सपाट, एक पालथा. होकार.

सरांनी टाळी वाजवली. दुसऱ्यांदा टाकले. पुन्हा होकार. काका हातमोजे घालायला लागले. तिसऱ्यांदा दोन्ही ठोकळे उचलले, हात वर नेला आणि एक ठोकळा खिशात घातला.

"ए! ए! हे काय?"

"मी टाकत नाही. देव हो म्हणत असेल. मी नाही म्हणतेय."

सगळ्यांच्या तोंडून एकदम 'हाऽऽ' निघालं. कौल अर्धवट सोडायचा नसतो. मलाही माहितीये. युनताईंनी मधे येऊन कमरेचं रबरी एप्रन सोडलं. "जेवायची सुट्टी करा. मी आज काम करणार नाही," असं म्हणाल्या आणि माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आल्या. बाहेर आल्यावर विचारलं,

"काय झालं होतं, शुआन?"

"आत्ताच बघितलंत ना."

"आत्ताचं नाही."

मी म्हटलं, मला भूक लागलीये. त्यांनी माशांच्या गोळ्यांचं सूप घेऊन दिलं. पुन्हा विचारलं नाही. शेजारी बसून राहिल्या.

शूट बंद. मी जिंकले. छाइनिंग वाचली.

२५ मार्च

सकाळी दारावर थापा. छाइनिंग. मला वाटलं आभार मानायला आली. खरंच तसं वाटलं.

"ठोकळा तुझ्याकडेच आहे ना?"

"आहे. आत ये ना, चहा—"

"मला विचारलंस?"

"काय?"

"काल. देवासमोर. तिची परवानगी नाही म्हणालीस. पोतं माझ्या डोक्यावर येणार होतं. मला विचारलंस का?"

"अगं, मी तुझ्यासाठीच तर—"

"माझ्यासाठी! शुआनताई, माझ्याशी किती शब्द बोललीस? 'डावाच ना.' दोन." ती रडत नव्हती. रागाने तिचे कान लाल झाले होते. "दोन दिवस तालीम केली मी. सरांकडून लिहून घेतलं. पोत्याला भोकं. अंगावर कुणाचा हात येणार, कुठे येणार, सगळं आधी ठरलेलं. आणि मी 'थांबा' म्हटलं की थांबायचं. तालमीत मी तीनदा म्हटलं. काही होत नव्हतं तरी म्हटलं, नुसतं बघायला. पाचही जण थांबले. तिन्ही वेळा."

मी दाराची कडी धरून उभी होते.

"पाच पुरुष आणि मी थांबा म्हटलं की थांबतात. तुला कळतंय का काही? मला ते एकदा दिवे लावून, सगळ्यांसमोर करायचं होतं. तू भूत बनून आलीस आणि संपवलंस."

"पण लोक ते बघून पुड्या उधळणार गं! तुझं नाव नाही, चेहरा नाही…"

"मग तेवढ्यासाठी भांडायचंस. माझ्याबरोबर. माझ्यावतीने नाही."

जाताना दार आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

२७ मार्च

दोन दिवस खोलीतच आहे. युनताई डबा पाठवतात. चिठ्ठीत फक्त 'जेवलीस का?'. कालच्या चिठ्ठीमागे मी एक नाव लिहिलं. बॅडमिंटनच्या कोचचं. नाव आणि वर्ष, बाकी काही नाही. मग फाडलं. आज पुन्हा लिहिलंय. डब्यात घालून परत पाठवलंय.

वेई सरांचा निरोप आला. सोमवारी शेवटची मुदत. एक तर मी येऊन तिसरा कौल टाकायचा, नाहीतर ठोकळा परत द्यायचा, मग ते दुसऱ्या कुणाकडून टाकून घेतील. काका म्हणतात, अर्धवट कौल ज्याच्या खिशात त्यानेच पुरा करायचा किंवा स्वतःच्या हाताने दुसऱ्याला द्यायचा.

माझा राग गेलेला नाही. तो सीन घाणेरडा आहे. ज्या कारणासाठी तो हवाय ते कारण घाणेरडं आहे. 'मेलीये ती, नाव कशाला' म्हणणाऱ्या माणसाला मी कधीच माफ करणार नाही. पण आ-लाननेसुद्धा बहिणीला विचारलं नव्हतं, तुला काय हवंय म्हणून. तिने थेट मीठ काढलं. मीही तेच केलं आणि वर जिंकले असं लिहिलं.

छाइनिंगच्या हातात ठोकळा दिला आणि होकार आला, तर तो सीन होणार. सात वर्षांनी एखादी सतरा वर्षांची मुलगी शाळा बुडवून तो बघायला एकटीच बसेल. नाही दिला, तर मी पुन्हा एकदा एका मुलीचं तोंड झाकलं असं होईल, फक्त पोतं माझं.

ही वही कधी कुणाच्या हाती लागली तर वाचणाऱ्या माणसा, तूच सांग. सोमवारी मी तो ठोकळा तिच्या हातात द्यावा का?